माणगावचा नाईक, माँतोनेच्या उन्हात

मुंबईहून कोकणात जाताना माणगावला गाडी अडकते, हे आता ठरलेलंच. त्या खोळंब्यात तहसील कार्यालयापाशी एका सैनिकाचा पुतळा आहे, हे मला लहानपणापासून माहीत. वीर यशवंतराव घाडगे. नावापलीकडे कधी गेलो नव्हतो. गेलो तो थेट इटलीत, आणि तेही पेरुजात दोन दिवस मोकळे मिळाले म्हणून.

पेरुजाहून उत्तरेला तायबर नदीच्या खोऱ्यातून रस्ता जातो. खाली सपाट शेतं, दोन्ही बाजूंना टेकड्या, आणि त्यातल्या एका टेकडीच्या माथ्यावर माँतोने. गाव एवढंसं. गाडी तटाबाहेर लावायची आणि दगडी बोळांतून चढायचं. जुलैचं ऊन, त्यात चढ. माझी बायको दोनदा म्हणाली, पुतळा माणगावातच पाहिला असता. खरं होतं.

पण वर पोचून खोऱ्याकडे पाहिलं आणि सगळं उलगडलं. दुसऱ्या महायुद्धात ४ जून १९४४ रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती पडलं होतं. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होतं, पण फुकट हटत नव्हतं. अशा टेकडीवर एक मशीनगन बसवली की खालून येणारा प्रत्येक माणूस तिच्या नजरेत. शिवाय एक टेकडी घेतली की पुढे दुसरी तयारच. घाट चढलेल्या माणसाला हे नकाशाशिवाय कळतं.

१० जुलै १९४४. याच खोऱ्यात ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधला, नाईक हुद्द्यावरचा यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन पुढे सरकत होता. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्याखेरीज तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. तो एकटाच धावून गेला. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यावरच तो गेला. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान, मरणोत्तर मिळाला.

लढाई इंग्रजांची, जमीन इटलीची, आणि मरणारा पोरगा रायगड जिल्ह्यातला. हा हिशेब मला काही जुळवता आला नाही. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजार हिंदी सैनिक लढले, ५,७८२ परतलेच नाहीत. या मोहिमेतल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांना मिळाले, त्यात दुसरा एक मराठाच होता: नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. ते मात्र जिवंत परतले.

गावाने २०२३ साली घाडग्यांच्या नावाने स्मारक उभारलं, ते पुतळा नव्हे, सूर्यतबकडी. तिच्यावर लॅटिन ओळ आहे, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. सरकारी कार्यक्रमाला शोभणारं वाक्य म्हणून मी सोडून देणार होतो. पण सावली बाराच्या आसपास, आणि मोबाइलमध्ये सव्वा वाजलेला. तबकडी बिघडली की काय? मग लक्षात आलं, इटलीतली घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे असतात. तबकडीला त्याचं काही नाही. ती त्या डोंगरावरची खरी वेळ दाखवते. १९४४ मधल्या त्या दिवशीही सूर्य जवळपास इथूनच सरकला असणार.

माणगावच्या पुतळ्याच्या हातात काय आहे, हे मात्र आठवेना. इतक्या वेळा समोरून गेलो! आईला फोन लावला. तिच्याकडे पावणेपाच, चहाची वेळ.

"आई, माणगावला तहसीलपाशी पुतळा आहे ना, त्याच्या हातात काय आहे गं?"

"बंदूक असेल. सैनिक ना तो?" मग थोडं थांबून, "तिकडे जेवलात का?"