आखाजीचा खर्च

वयाच्या ४७ व्या वर्षी नोकरी सोडायची, असे मी सहा वर्षांपूर्वी ठरवले आणि त्याच रात्री घरखर्चाची वही उघडली. जळगावात आम्हा चौघांना महिन्याला सुमारे ३५,००० रुपये लागत होते, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेला हिशोब असा, की पहिल्या वर्षी पुंजीतून ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे ती महागाईप्रमाणे वाढवत नेली, तर पुंजी किमान ३० वर्षे पुरते. त्यामुळे वार्षिक खर्चाच्या २५ पट, म्हणजे १ कोटी ५ लाख रुपये, हे माझे उद्दिष्ट झाले.

परंतु तो हिशोब अमेरिकेतील बाजाराच्या आकड्यांवर बेतलेला आहे आणि मला ३० नव्हे, चाळीसहून अधिक वर्षांची सोय करायची होती. म्हणून मी ३ टक्केच धरले आणि उद्दिष्ट १ कोटी ४० लाखांवर गेले. मुलांचे शिक्षण व आरोग्य विमा यांची तरतूद त्यातून वेगळी काढली. मुलगी तीन वर्षांची असताना उघडलेले सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते पंधरा वर्षांनी, नेमके तिच्या महाविद्यालयाच्या वेळी परिपक्व होईल, हे मला आजही फार समाधानाचे वाटते.

काटकसर आमच्याकडे नवी नाही. चैत्र-वैशाखात माझी आई पहाटे चारला उठून ज्वारीच्या बिबड्यांचे पीठ शिजवते. गच्चीवर ओले धोतर अंथरून तिळाचे, लसणाचे ते गरम पीठ आम्ही सगळे ऊन चढण्याच्या आत थापतो आणि वर्षभराचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया डब्यांत भरून ठेवतो. संध्याकाळी बाहेरून काही मागवण्याची गरज त्यामुळे पुष्कळ कमी होते, आणि मुलांना हे काम कधी कमीपणाचे वाटले नाही.

चूक माझ्याकडून दुसऱ्याच ठिकाणी झाली. पहिल्या वर्षीच्या वहीत ‘टाळता येण्याजोगा’ या रकान्यात मी आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, लिहिली होती: धाकट्या बहिणीला व तिच्या मुलांना आणण्याचे भाडे, साडी, आमरस, सांजोऱ्या, सारे मिळून ९,००० रुपये. पत्नीने ते वाचले, बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, “अहो, सासरी ती वर्षभर या दिवसाची वाट पाहते. नोकरी एक वर्ष उशिरा सोडा, पण हे खोडा.” मी तिच्यासमोरच ती ओळ खोडली. त्यानंतर रकाने आम्ही दोघांनी मिळून भरले. माझी दुसरी मोटारसायकल विकली, हप्त्यावर वस्तू घेणे बंद केले आणि दिवाळीच्या बोनसमधून सोने घेण्याऐवजी ती रक्कम इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे गुंतवणूक करणाऱ्या म्युच्युअल फंडात, जाऊ लागली. सराफ बाजाराच्या गावात राहून हे पत्नीने मनापासून स्वीकारले, याचे मोल मला कळते.

नोकरी सोडण्याचे वर्ष आता ४८ वे धरले आहे. आखाजीला बहीण येते, अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला जातो, आणि वहीत तो खर्च किराण्याच्या रकान्यात लिहिला जातो.