तुम्ही विचारलंत म्हणून: एक ओळ बदलायला दीड दिवस का लागतो?

"बेन, एक लाइन तो छे!" गिऱ्हाईक शेठ असं म्हणाले की पुन्हा तेच उत्तर द्यायची वेळ आली हे मला कळतं. ऑफिसातली नवी मुलं हेच जरा आडून विचारतात. भाचा सरळ विचारतो, "मावशी, सर्व्हरवर लॉगिन करायचं, आकडा बदलायचा, संपलं. तू त्यासाठी फाइल काय, तपासणी काय, दुसऱ्याची मंजुरी काय, दीड दिवस घालवतेस." बिलं-हिशेब साठवणाऱ्या डेटाबेसच्या सेटिंगला मी कुणाला हाताने हात का लावू देत नाही, हा सगळ्यांचा प्रश्न. दरवेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते. आज सगळं सांगते.

बदलाची मला भीती वाटते असं कुणी समजू नका. बावीस वर्षं गिऱ्हाईकांचे डेटाबेस सांभाळायचं काम करतेय, आणि त्यातली बहुतेक वर्षं मी स्वतः हातानेच सेटिंग बदलत आले. वडोदऱ्यात माझं नाव झालं ते त्याच चपळाईवर.

२०२४चा जुलै. आमच्याकडे एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचं काम होतं. पोस्टग्रेस या डेटाबेसची १२वी आवृत्ती, दोन मशीन. प्रायमरी, म्हणजे मुख्य मशीन, त्यांच्या ऑफिसात तळमजल्यावर, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. स्टँडबाय, म्हणजे त्याची राखीव नक्कल, आमच्याकडे दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर. प्रायमरीवर बिल झालं की काही सेकंदांत स्टँडबायवर उतरायचं. त्या महिन्यात त्यांनी ऑर्डर घेत फिरणाऱ्या मुलांना मोबाइल ॲप दिलं आणि ९ तारखेला दुपारी बिलिंग अडकलं. एका वेळी किती जोडण्या चालतील, ती कनेक्शनची मर्यादा पोस्टग्रेसमध्ये मुळातच १०० असते, ती भरली. काउंटरवर माणसं खोळंबलेली, शेठचे फोनवर फोन. मी लॉगिन केलं, सेटिंग बदलणाऱ्या अल्टर सिस्टिम या कमांडची एक ओळ टाकून ती मर्यादा, मॅक्स कनेक्शन्स, ३०० केली, सर्व्हर रीस्टार्ट केला. चार मिनिटं लागली. शेठ म्हणाले, "आने कहेवाय काम!"

हा आकडा वाढवायचा तर आधी स्टँडबायवर वाढवायचा, मग प्रायमरीवर. कमी करायचा तर उलट. हे मला कुणी शिकवायला नको होतं, पाठ होतं. पण त्या घाईत प्रायमरी आधी केला आणि हाताखालच्या मुलाला फोनवर सांगितलं, स्टँडबायवरही कर. तो हो म्हणाला.

संध्याकाळी मी काय केलं तेही सांगते, कारण मी निष्काळजी होते असं म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. मी तपासलं. दोन्ही मशीनवरच्या पोस्टग्रेस्क्यूएल डॉट कॉन्फ फाइली शेजारी ठेवून फरक दाखवणारा डिफ चालवला. एका अक्षराचा फरक आला नाही. दोन्हीकडे सारखं आहे, म्हणजे काम झालं, असं म्हणून मी लॅपटॉप मिटला.

अल्टर सिस्टिम त्या फाइलला हातच लावत नाही. ते पोस्टग्रेस्क्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहितं. ती फाइल शेवटी वाचली जाते, आणि तिच्यातला आकडा मुख्य फाइलीवर वरचढ ठरतो. प्रायमरीवरून स्टँडबायकडे डेटा वाहत जातो, ही फाइल जात नाही. म्हणजे मी ज्या दोन फाइली ताडून पाहिल्या त्या सारख्याच राहणार होत्या. बदल तिसरीकडेच झाला होता. २०१४ साली, ९.४ आवृत्तीत, ही सोय आली तेव्हापासून मी ती वापरत होते. मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. त्या संध्याकाळी आठवलं नाही, एवढंच.

मुलाने स्टँडबायवर काही केलं नव्हतं. मी त्याला दोष देत नाही, फोनवर अर्धवट सांगितलेलं काम होतं ते. दुपारीच प्रायमरीचा नवा आकडा स्टँडबायपर्यंत पोचला होता. आपल्याकडे १०० आणि तिकडे ३०० हे बघून स्टँडबायच्या पोस्टग्रेसने लॉगमध्ये कारण स्वच्छ लिहिलं आणि ते बंद पडलं. १२व्या आवृत्तीत असंच होतं. १४पासून बंद पडत नाही, तिथल्या तिथे थांबून राहतं. "मग अपग्रेड करा की" म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा, थांबून राहिलं तरी डेटा यायचा थांबतोच. आमची पाहणी होती फक्त पिंगची, म्हणजे मशीन हाकेला ओ देतं का एवढीच. मशीन चालू होतं, पिंगला उत्तर येत होतं. सात आठवडे.

ऑगस्टच्या शेवटी पूर आला. इथल्या लोकांना तो सांगायला नको. जन्माष्टमीला पाऊस झोडपत होता, आजवा धरणाचं पाणी खाली आलं आणि विश्वामित्री वस्त्यांत शिरली. प्रायमरी टेबलाखाली होता, तो बुडाला. आता कुणी विचारू नका टेबलाखाली का, मीही तेव्हा विचारलं नव्हतं. रोजचा बॅकअप त्याच मशीनच्या दुसऱ्या डिस्कवर पडायचा. महिन्याच्या १ तारखेला एक प्रत बाहेर नेली जायची. रोज बाहेर न्यायला हवी होती. पण स्टँडबाय आहेच की, असं मीच म्हटलं होतं.

वीज आल्यावर मी स्टँडबायसमोर बसले. पोस्टग्रेस बंद दिसलं तेव्हासुद्धा घाबरले नाही, वीज गेल्याने पडलं असेल असं वाटलं. लॉगमधला संदेश वाचला, आकडा ३०० केला, सुरू केलं. सुरू झालं. प्रमोट केलं, म्हणजे त्यालाच मुख्य केलं, तेही झालं. शेठना फोन लावणार होते, पण सवयीने आधी एक क्वेरी टाकली: शेवटच्या बिलाची तारीख. उत्तर आलं, ०९-०७-२०२४. मी तीच क्वेरी पुन्हा टाकली. मग टेबलाचं नाव नीट वाचलं. मग तिसऱ्यांदा टाकली. शेजारी त्यांचे बिलिंगचे काका उभे होते, नवापुऱ्यातले, साठी उलटलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "तुझा दुसरा सर्व्हर होता ना गं?"

१ ऑगस्टच्या प्रतीवरून डेटा उभा केला. पुढचे सव्वीस दिवस गेले ते गेले. ऑफिसातल्या बिलांच्या कार्बन प्रतींचा लगदा झाला होता. मग उपाय एकच, ज्या मेडिकल स्टोअर्सना माल गेला त्यांच्याकडे बिलाची त्यांची प्रत असेल ती मागायची. त्यांच्यातल्या काहींच्या दुकानातही पाणी होतं. काका आणि आणखी दोघं रोज रात्री दहापर्यंत बसून नोंदी करत होते; औषधाचं बिल म्हणजे प्रत्येक ओळीला बॅच नंबर आणि एक्स्पायरी. ११ तारखेचं जीएसटीचं रिटर्न डोक्यावर. मी शेजारी बसून बॅच नंबर वाचून दाखवत होते. तेवढंच माझ्या हातात होतं.

तर आता सगळ्या मशीनच्या सेटिंगची फाइल एका जागी, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये. बदल तिथे करायचा, दुसऱ्याने वाचायचा, मग अँसिबल नावाचं साधन तो सगळीकडे पोचवतं. रोज सकाळी सातला एक स्क्रिप्ट प्रत्येक मशीनवर पीजी सेटिंग्ज हा पोस्टग्रेसचा चालू सेटिंगचा तक्ता उघडून बघतं. आकडा काय, तो कुठल्या फाइलीतून आला, आणि बदल रीस्टार्टसाठी अडून राहिलाय का, हे सगळं तिथे मिळतं. मी फाइली ताडून पाहत होते. ताडायचं असतं ते चालू सर्व्हर काय धरून बसलाय ते. पुरानंतर महिन्याभरात आलेल्या १७व्या आवृत्तीत अल्टर सिस्टिम बंद ठेवायची सोयच दिली आहे. जिथे १७ आहे तिथे मी ती पहिल्या दिवशी बंद केली.

आता जुनी मी यावर काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे. ती म्हणाली असती, तुला बुडवलं ते पिंगने आणि बॅकअपच्या आळसाने, हाताने केलेल्या बदलाने नव्हे. स्टँडबाय मागे पडलाय की नाही हे कुणी रोज पाहिलं असतं तर गिट नसतानाही निभावलं असतं. याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. ती असंही म्हणाली असती की सगळीकडे सारखं म्हणजे बरोबर असं नाही. हे तर मी आजच मान्य करते. ६४ जीबीच्या मशीनची शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटाबेसला दिलेली मेमरी, १६ जीबीच्या मशीनवर जशीच्या तशी ठेवली तर ते मशीन गुदमरेल. म्हणून आमच्या फाइलीत फरक आहेत, प्रत्येक फरकाच्या वर कारण लिहिलेलं असतं. दोनतीन कारणं वाचून मला स्वतःला आता पटत नाहीत, पण बदलायची हिंमत होत नाही.

आणि हेही लपवत नाही: गेल्या दिवाळीत एका गिऱ्हाईकाकडे रात्री साडेअकराला मी मुख्य फाइलच हाताने उघडून आकडा बदलला. आधी स्टँडबायवर, मग प्रायमरीवर, आणि सकाळी गिटमध्ये नोंद केली. ज्या मुलांना मी हे करू देत नाही त्यांना ते सकाळच्या तपासणीत दिसलं. एकाने विचारलं, "मॅडम, मग आम्ही का नाही?" मी म्हटलं, बोलू. अजून बोलले नाही.

त्या व्यापाऱ्यांचा प्रायमरी आता पहिल्या मजल्यावर आहे, बॅकअप रोज बाहेर जातो, स्टँडबाय किती सेकंद मागे आहे ते माझ्या फोनवर दिसतं. काका तरीही प्रत्येक बिलाची एक जादा प्रत छापतात आणि शनिवारी पिशवीत भरून घरी माळ्यावर ठेवतात. शेठ मला दोनदा म्हणाले, बेन, त्यांना सांगा, कागद फुकट जातो. मी काकांना अजून काही म्हटलेलं नाही.