पाइप वाकला, माणूस जागीच राहिला

हवाई बेटांवरच्या होनोलुलु शहराच्या काकाआको भागात खोदकाम करणाऱ्याला रंग वाचता यावे लागतात. वरचा भराव तपकिरी, त्यात काचा, विटा, प्रवाळाचे तुकडे. त्याखाली पिवळट पांढरी वाळू लागली की बॅकहोची, म्हणजे खोदयंत्राची, दातेरी बकेट काढून सपाट धारेची लावायची आणि पातळ पातळ थर खरवडायचे. कारण हवाईयन लोक आपली माणसं किनाऱ्याच्या वाळूत पुरत, बरेचदा गुडघे छातीशी दुमडून. खड्डा बुजवताना वरची काळी माती मिसळते आणि वाळूत त्याचा डाग राहतो. आमच्या पुरातत्त्व निरीक्षक बाईंना तो डाग सगळ्यांच्या आधी दिसतो. त्यांनी हात वर केला आणि ऑपरेटरने इंजिन बंद केलं.

पुढे काय करायचं ते कायद्याने ठरलेलं आहे. काम थांबतं, पोलीस आणि राज्याच्या वारसा विभागाला कळवलं जातं. हाडं 50 वर्षांहून जुनी ठरली की निर्णय त्या विभागाचा. हा कायदा सुखासुखी आलेला नाही. माऊई बेटावर होनोकाहुआ इथे 1980च्या दशकाच्या शेवटी हॉटेलसाठी नऊशेहून अधिक जणांचे अवशेष उकरले गेले. लोक खवळून उठले, हॉटेल किनाऱ्यापासून आत सरकवावं लागलं, आणि 1990 मध्ये कायदा झाला.

माणसाची शक्ती, 'माना', हाडांत राहते अशी इथली श्रद्धा. शत्रूच्या हाडांचे मासेमारीचे गळ करत, म्हणून हवाईचा राजा पहिला कामेहामेहा 1819 मध्ये वारला तेव्हा त्याच्या अस्थी विश्वासू माणसांनी लपवल्या. ती जागा आजवर कुणाला सापडलेली नाही. 'शापित इमारत' म्हणून पर्यटकांना भुताच्या गोष्टी विकणाऱ्यांची मला चीड येते. इथे भूत नाही, कुणाची तरी आजी आहे.

आमच्या खड्ड्यातल्या माणसाला कमरेखाली काहीच नव्हतं. तिथून एक जुना ओतीव लोखंडी पाइप गेला होता. तो टाकणाऱ्यांनी चर सरळ खणला आणि वाटेत आलं ते मातीबरोबर उपसलं. आम्ही उकरलेला सगळा ढीग बारीक जाळीतून चाळला. पायाच्या बोटांची हाडं मिळाली.

आमच्या इमारतीचा सांडपाण्याचा नवा पाइपही तिथूनच जायचा होता. ऑफिसचं म्हणणं, अवशेष हलवायची परवानगी मागा. वेळापत्रकापलीकडे पाहायची तिथे सवयच नाही. वंशजांच्या वतीने एक आंटी आल्या होत्या. इथे वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात. त्यांनी मला हालोआची पुराणकथा सांगितली. वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं, घराशेजारी पुरलं, आणि तिथून अळू उगवला. दुसरं मूल माणूस झालं, त्याचंही नाव हालोआ, हवाईयनांचा पूर्वज. म्हणजे अळू थोरला भाऊ. त्याने धाकट्याला पोसायचं, धाकट्याने त्याला जपायचं. आंटी मग म्हणाल्या, "पाइप वाकतो ना? मग त्याला वाकव. याला कशाला हलवतोस?"

पाइप वाकवणं सोपं नव्हतं. रस्त्यातल्या मुख्य गटाराची पातळी बदलता येत नाही आणि सांडपाण्याच्या पाइपला 2 टक्के उतार लागतो. वळसा घातला की लांबी वाढते, आणि वाढलेल्या प्रत्येक मीटरला आपलं टोक दोन सेंटीमीटर वर उचलावं लागतं. रात्री बसून मी हद्दीच्या भिंतीकडेने नवी रेषा आखली, वळणांवर सफाईची तोंडं दिली आणि मागच्या सेवाखोलीची फरशी वर घेतली. खोलीला एक पायरी आली, एवढंच. आजवर केलेल्या मोठ्या कामांपेक्षा या छोट्या नकाशाचा मला जास्त अभिमान वाटतो. विभागाने जागीच जतन करण्याचा निर्णय दिला. वंशजांनी झाडाच्या सालीच्या कापडात, ज्याला 'कापा' म्हणतात, हाडं परत ठेवली, 'ओली' ही पारंपरिक स्तोत्रं म्हटली, वर स्वच्छ वाळू पसरली. आम्ही तोवर कुंपणाबाहेर होतो.

मांडीची हाडं मात्र मिळालीच नाहीत. ती कुठल्या भरावात गेली असतील हा विचार माझा पिच्छा सोडत नाही. माऊईच्या वाळूच्या टेकड्यांमध्येही दफनं आहेत, आणि तिथली वाळू वर्षानुवर्षं जहाजाने ओआहूला, म्हणजे होनोलुलुच्या बेटावर, काँक्रीटसाठी येत होती. 2018 मध्ये माऊईने उपशाला स्थगिती दिली, तोवर कितीतरी इमारती उभ्या राहून गेल्या होत्या. मी काँक्रीटचा माणूस. आता दर मागवताना वाळू कुठली ते लेखी विचारतो. शेजारचा पार्किंगचा प्लॉटही जुन्या भरावावरच आहे; तिथे पहिल्या थरापासून सपाट बकेट आणि चाळणी हवी, असं मी निविदेतच घातलंय. ऑफिसने अजून सही केलेली नाही.