गाडी नुसती टक्-टक् करते? बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा

कॅनडातल्या एडमंटनमध्ये हिवाळ्यात गाड्यांच्या पुढच्या जाळीतून प्लगवाली वायर लोंबत असते आणि पार्किंगमध्ये त्यासाठी खांबावर सॉकेट असतात. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर काका म्हणाले, सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक झाल्या का रे तिकडे! नाही हो, तो ब्लॉक हीटर, इंजिनातलं कूलंट गरम ठेवतो. बॅटरीला मात्र त्याची ऊब मिळत नाही आणि उणे तीसला खरी बोंब तिचीच, एकतर थंडीने तिची ताकद निम्म्याच्याही खाली येते आणि वर ऑइल घट्ट झालं की स्टार्टर जास्त करंट मागतो. आपल्याकडे चार जण गोळा करून धक्का मारला असता, पण इथे बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, धक्क्याने काही होत नाही.

गेल्या जानेवारीत बिल्डिंगमधल्या नागपूरच्या मित्राची गाडी अशीच नुसती टक्-टक् करायला लागली. कशीबशी जंप देऊन (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून सुरू करून) गॅरेजला नेली, तिथे सांगितलं बॅटरी आणि अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) दोन्ही बदला. आकडा ऐकून भाऊ गार. म्हटलं थांब, आधी मोजू, व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर पुरतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. गाडी रात्रभर उभी असेल तेव्हाच मोजायचं, आत्ताच चालवून आणली असेल तर आकडा उगाच फुगलेला दिसतो (घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, मग मोजा). १२.६ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलीच. त्याची होती १२.५, म्हणजे ठीकठाक. मग गाडी सुरू करून मोजलं, १४.३. साधारण १३.७ ते १४.७ मध्ये असेल तर अल्टरनेटर चार्ज करतोय. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावलं, थोडा रेस दिला, तरी १४ च्या आसपास. म्हणजे अल्टरनेटर बिचारा निर्दोष!

मग सेल्फ मारताना बघायचं. साध्या हवेत ९.६ च्या खाली जाऊ नये, उणे १८ ला ८.५ पर्यंत चालतं. इथे गंमत अशी की मीटरचं टोक कुठे टेकवता त्यावर सगळं आहे, बॅटरीचा जो शिशाचा खुंट असतो त्याच्या मधोमध टेकवलं की आकडा चांगला, आणि त्यावर घट्ट बसवलेल्या क्लॅम्पला टेकवलं की भलताच कमी. शेवटी एक टोक खुंटाला, एक क्लॅम्पला लावलं आणि त्याला सेल्फ मारायला सांगितलं, तर तेवढ्या अर्ध्या इंचात दोन व्होल्टच्या वर गायब, तिथे खरं तर जवळपास शून्य यायला पाहिजे. क्लॅम्प उघडला (मायनस आधी काढायचा, लावताना शेवटी) तर आत पांढरा-निळसर खार. खायच्या सोड्याचं पाणी, तारेचा ब्रश, कोरडं पुसून परत घट्ट. एका दमात सुरू झाली. नवीन काहीच घ्यावं लागलं नाही, गॅरेजवाल्याने एवढं तरी बघायला पाहिजे होतं असं माझं मत.

बऱ्याच नवीन गाड्यांत बॅटरीच्या मायनसला सेन्सर असतो, तिथे बॅटरी भरली की गाडी मुद्दाम चार्जिंग कमी करते, त्यामुळे चालू गाडीत १२.८ दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटरला शिव्या घालू नका, लाइट-ब्लोअर लावून परत बघा.

आणि थंडीच्या देशात असाल तर हे नक्की, उतरलेल्या बॅटरीत ॲसिड पातळ होतं आणि उणे दहाच्या आसपासच गोठू शकतं. बॅटरीचा डबा फुगलेला दिसला तर जंप नाही, चार्जर नाही, सरळ नवीन बॅटरी.