दूध विसरलेलं विरजण

मागच्या महिन्यातली गोष्ट, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय. आमच्या लॅबमध्ये लॅक्टोकोकस लॅक्टिस या दही लावणाऱ्या जिवाणूचा एक स्ट्रेन (वाण) आहे, साताऱ्याकडच्या एका काकूंच्या घरच्या दह्यातून मीच वेगळा केलेला. एकदम जोमदार, संध्याकाळी एक टक्का कल्चर टाकून ३० डिग्रीला ठेवलं की सकाळी ट्यूब आडवी केली तरी दही हलायचं नाही. त्या सकाळी ट्यूब उचलली तर आत नुसतं पातळ दूध, खुळखुळ वाजतंय. आधी वाटलं फेज, म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू, लागला, मग वाटलं दुधातच काहीतरी असेल, पण शेजारच्या ट्यूबमध्ये त्याच दुधात दुसरा स्ट्रेन मस्त लागला होता.

मग ते लॅक्टोज (दुधातली साखर) आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल (ॲसिड लागलं की जांभळ्याचा पिवळा होणारा रंग) घातलेल्या आगरवर पसरवलं. लॅक्टोज खाणाऱ्या कॉलन्या ॲसिड सोडतात आणि पिवळ्या होतात. झाकण उघडलं तर पिवळ्या मोजून पाच, बाकी जांभळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्याच पांढऱ्या. कंटॅमिनेशन म्हणावं तर सिक्वेन्सिंगमध्ये आमचाच स्ट्रेन निघाला. तेव्हा पोटात गोळा आला, कारण गेले चार महिने मी तो एमआरएस ब्रॉथ या जिवाणू वाढवायच्या द्रवातच एका ट्यूबमधून दुसरीत फिरवत होते, आणि त्यात लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज असतं. या जिवाणूत लॅक्टोज पचवायची जीन्स बहुतेक वेळा प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य डीएनएपासून सुट्या छोट्या डीएनएवर असतात, केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) तोडणाऱ्या प्रोटिनेज एन्झाइमचं जीनही बऱ्याचदा त्याच प्लास्मिडवर. आयतं ग्लुकोज मिळत असेल तर प्लास्मिड हरवलेल्या पेशीचं काहीच अडत नाही. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लॅरी मॅके यांनी १९७०च्या दशकातच हे दाखवून दिलंय, मी परीक्षेत लिहिलंयसुद्धा, पण हाताखाली घडत होतं तेव्हा दिसलं नाही.

लायसोझाइम हे पेशीभित्तिका फोडणारं एन्झाइम देऊन प्लास्मिड काढले, डीएनए आकारानुसार पट्ट्यांत वेगळं करणाऱ्या जेलवर फ्रीझरमधला जुना स्टॉक आणि पांढरी कॉलनी शेजारी शेजारी लावले. खालचे पट्टे हुबेहूब. वरचा एक जाड पट्टा मात्र पांढरीच्या रांगेत नाहीच, ती मोकळी जागा मी कितीतरी वेळ बघत बसले. खात्रीसाठी पांढरीला दुधात नुसतं ग्लुकोज दिलं तर सकाळी जेमतेम आंबट, सोबत केसीन हायड्रोलायसेट (आधीच तोडलेलं केसीन) दिलं तर घट्ट. म्हणजे लॅक्टोज आणि प्रोटिनेज दोन्ही एकदमच गेले होते.

उणे ८० डिग्रीच्या फ्रीझरमध्ये मूळ स्टॉकच्या दोनच वायल उरल्या होत्या. एक उघडली, पिवळी कॉलनी उचलली, थेट दुधात घातली. सकाळी सातला ट्यूब उलटी केली, थेंबही पडला नाही.