जोडल्यावरचा एक व्होल्ट

वडोदऱ्यातल्या आमच्या शाळेत उत्तरायणाच्या आधीचा आठवडा होता. मांज्याने कापलेल्या बोटांना सगळ्यांच्याच चिंध्या बांधलेल्या, आणि त्याच बोटांनी ७४१ या आयसीचे, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचे, आठ पाय न वाकवता ब्रेडबोर्डच्या (जोडणीच्या भोकाळ पाटीच्या) भोकांत बसवायचे होते. दोन नंबरला सिग्नल, तीन नंबर ग्राउंडला, सातला अधिक १२ आणि चारला उणे १२ व्होल्ट, आउटपुट सहावरून. सिग्नल आत नेणारा रेझिस्टन्स १ किलोओहम, सहावरून दोनकडे परतणारा १० किलोओहम. दहास एक, म्हणून गेन दहा, म्हणजे सिग्नल दहापट. लाट उलटी होते म्हणून आधी उणे चिन्ह. एवढे आम्हाला पाठ होते.

लाट तयार करणाऱ्या ऑसिलेटरवर १ किलोहर्ट्झ लावून, लाट पडद्यावर दाखवणाऱ्या सीआरओवर तिची उंची, पीक टू पीक, बरोबर एक व्होल्ट बसवली. मग वायर सर्किटला जोडली आणि सीआरओचा प्रोब सहाव्या पायावर ठेवला. यायला हवे होते दहा व्होल्ट, आले ६.२. आयसी बदलली, तरी ६.२. रेझिस्टन्सचे पट्टे पुन्हा वाचले: तपकिरी-काळा-लाल, तपकिरी-काळा-नारिंगी. सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के कमी-जास्त, ते दोन्हीकडे उलट दिशेने धरले तरी गेन नऊच्या खाली जात नव्हता.

शाळा मराठी, पण बाकावर आम्ही गुजरातीच बोलायचो. "अल्या, दस लखी नाख ने," दहा लिहून टाक ना, जोडीदार म्हणाला. पुढचा गट सीआरओसाठी ताटकळत होता. मी दहा लिहिले.

सरांनी जर्नल पाहिले, मग पडदा पाहिला. रागावले नाहीत. दहावर एक रेघ मारून म्हणाले, "दिसतंय ते लिही. आणि इनपुट मोज."

"मोजलंय सर, एक व्होल्ट."

"केव्हा मोजलंस?"

वायर जोडण्याआधी मोजले होते. आता जोडलेल्या सर्किटमध्ये १ किलोओहमच्या तोंडाशी प्रोब ठेवला, तर तिथे होते ०.६२. सहा पॉइंट दोन भागिले शून्य पॉइंट सहा दोन. मला आजही तो भागाकार करताना छातीत धडधडल्याचे आठवते.

सरांनी प्रोब दोन नंबरवर ठेवायला लावला. पडद्यावर जवळजवळ सपाट रेघ. १ किलोहर्ट्झला ७४१ चा स्वतःचा गेन हजाराच्या आसपास असतो, म्हणून ६.२ व्होल्ट काढायला त्या पायावर सहा-सात मिलिव्होल्ट पुरतात. 'व्हर्च्युअल ग्राउंड' हा शब्द मी तोवर परीक्षेत लिहीत आलो होतो. त्या दिवशी तो डोळ्यांनी पाहिला. तो पाय ग्राउंडसारखाच वागतो, तेव्हा ऑसिलेटरवर थेट १ किलोओहमचा भार पडतो. आणि आमच्या ऑसिलेटरच्या पोटात त्याचा स्वतःचा ६०० ओहमचा रेझिस्टन्स होता. एक व्होल्ट १६०० ओहममध्ये वाटला गेला आणि ६०० चा वाटा आतच राहिला. सर्किट पहिल्यापासून दहाचाच गेन देत होते. पुढच्या गटाला थांबवून सरांनी आम्हाला १ आणि १० ऐवजी १० आणि १०० किलोओहम लावायला दिले: इनपुट ०.९४, आउटपुट ९.४. जर्नलच्या कोष्टकात 'इनपुट' या शब्दापुढे त्यांनी लाल शाईने 'जोडल्यावर' असे लिहिले. संध्याकाळी सुरसागराच्या काठाने घरी जाताना मी सायकल हातात धरून चालत गेलो होतो, कारण मनात आकडे फिरत होते.

पुढे कलाभवनात शिकलो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेच्या नावाला वडोदऱ्यात अजून वजन आहे. नंतरची नोकरी मीटर कॅलिब्रेट करण्याची.

शाळेच्या महोत्सवाच्या तयारीसाठी गेलो तेव्हा नवी प्रयोगशाळा पाहिली. प्रत्येक बाकावर सीआरओ, पाहून फार बरे वाटले. ऑसिलेटरच्या जागी आलेले फंक्शन जनरेटर मात्र सगळे पोटात ५० ओहमचे आहेत. १ किलोओहम जोडला की एकाचे ०.९५ होते, आउटपुट ९.५ येते, आणि तेवढी चूक सोनेरी पट्ट्याच्या पाच टक्क्यांत लपून जाते. मुले तिला रेझिस्टन्सचा फरक समजून पुढे जातील. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे: जुना ऑसिलेटर कपाटात असेल तर तो एका बाकावर ठेवा. नसेल तर जनरेटरच्या पुढे ५६० ओहमचा एक रेझिस्टन्स जोडा आणि मुलांना काही सांगू नका. आउटपुट ६.२ च येईल.