तक्त्यात न बसणारी छाती

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात दम लागण्याची कारणं तोंडपाठ झालीत. बिडी, चूल, राईस मिलचा कोंडा, जुना टीबी. त्यामुळे ५२ वर्षांचे ते भाऊ धानाच्या धुऱ्यावरून चालताना दम लागतो म्हणाले, तेव्हा मी मनातल्या मनात चिठ्ठी लिहून मोकळा झालो होतो. कुणीतरी दमा ठरवून पंपही दिलेला होता.

"बिडी?"

"नाई जी. खर्रा खातो."

स्पायरोमेट्रीला, म्हणजे फुप्फुसं जोखायच्या फुंकण्याच्या तपासणीला, बसवलं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, सिस्टरचं "फुंका, फुंका, फुंका". सहा-सात सेकंदांत माणूस रिकामा होतो. हे अकराव्या सेकंदालाही फुंकतच होते. सिस्टरच दमल्या. एकूण हवा ५ लिटर, वय-उंचीच्या तक्त्याप्रमाणे हवी ४. पहिल्या सेकंदातली ३.३, तीही तक्त्याहून थोडी जास्तच. पण दोन्हींचं प्रमाण ६६ टक्के, म्हणजे कमी, आणि आलेखाची उतरती बाजू खोलगट: हवा बाहेर पडायला अडते आहे. पंप देऊन वीस मिनिटांनी परत फुंकवलं. दम्यात आकडे बहुधा सुधारतात. हे जागचे हलले नाहीत.

"काम काय करायचे?"

"पाण्यात."

मला वाटलं मासेमारी, गावतलाव.

"तलावात नाई साहेब. समुद्रात. बॉम्बे हायले."

मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, सत्तरेक मीटर खाली, तेलाच्या पाइपलाइनवर. दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे तिथे आठपट. साधी हवा तिथे चालत नाही, हेलियम मिसळलेला वायू देतात. जहाजावरच्या दाबाच्या टाकीत २८ दिवस राहायचं, तिथूनच कामाला उतरायचं, शेवटी तीन-चार दिवस हळूहळू दाब उतरवायचा. "आवाज बदकावानी व्हाचा. एकमेकाचं बोलनं समजे नाई."

पाणबुड्यांची फुप्फुसं मोठीच असतात. काही निवडीमुळे, काही त्या कामामुळे. पण जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि वर येताना रक्तात सुटणारे, फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकणारे बारीक बुडबुडे वर्षानुवर्षं लहान श्वासनलिकांना झिजवतात. बहुतेकांना ते कळतही नाही. मुळात मोठं फुप्फुस झिजूनही तक्ता शंभर टक्के दाखवतो, आणि आम्ही 'ठीक'चा शिक्का मारतो.

दुसऱ्या दिवशी ते पन्नीत गुंडाळलेली फाइल घेऊन आले. डायव्हर म्हणून दरवर्षी होणाऱ्या तपासण्या. १९९९ चा कागद पिवळा पडला होता: एकूण ६.१, पहिल्या सेकंदात ४.८. चोवीस वर्षांत पहिल्या सेकंदातलं दीड लिटर गेलं. वयाने वर्षाला साधारण ३० मिलिलिटर जातात. यांचे साठाच्या वर. सगळा दोष समुद्राला देता येणार नाही, पण इतकी वर्षं हे कागद कुणी मागितलेच नव्हते. मीही आदल्या दिवशी मागितले नव्हते.

नागपूरला पाठवलं. हृदय ठीक, हिमोग्लोबिन ठीक. फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता मात्र कमी. पंप बंद केला.

जाताना दारात थांबले. "मंग शिंगाडे काढाले उतरू का नाई?"

"किती खोल आहे तुमचा तलाव?"

"छातीभर."

"उतरा."

ते हसले. "थे तं आमी पाणीच समजत नाई, साहेब."